गुडघा तीन आठवडे दुखतोय: हाडाची गाठ वेळेत कशी ओळखायची

शाळेच्या कबड्डीत पडलेला चौदा वर्षांचा मुलगा. गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूला दुखतं. आई बाम चोळते, आजी आंबेहळदीचा लेप घालते, मग गावातला मालिशवाला दोनदा पाय ओढून देतो. आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. महिन्याने डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होतात. गोळी असेपर्यंत दुखत नाही. तिसऱ्या महिन्यात आईला अंघोळीच्या वेळी एक मांडी दुसरीपेक्षा जाड दिसते, आणि तेव्हा कुठे पहिला एक्स-रे निघतो.

तालुक्याच्या गावात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हीच हकिकत मी वेगवेगळ्या घरांतून ऐकली आहे. कुठे कबड्डीऐवजी सायकल असते, कुठे विहिरीतली उडी. या घरांतल्या कुणीही हलगर्जी केलेली नसते. मुलगा खरंच पडलेला असतो आणि दुखण्याला कारण समोर दिसत असतं. तिथेच फसगत होते. मार लागल्याने हाडात गाठ होत नाही. आधीपासून असलेल्या गाठीकडे लक्ष जातं, ते माराच्या निमित्ताने.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचंही असंच झालं. १९७६च्या नोव्हेंबरात, अठराव्या वर्षी, त्याच्या गाडीला अपघात झाला आणि उजवा गुडघा दुखावला. डिसेंबरात पुन्हा कळ आली, पण बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने दुखणं अंगावर काढलं. मार्च १९७७ मध्ये निदान झालं: ऑस्टिओसारकोमा, म्हणजे हाड तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. पुढे कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून त्याने कॅन्सर संशोधनासाठी पैसे उभे केले, आणि १९८१ मध्ये, तेवीस वर्षांचा होण्याआधीच, तो गेला.

हा लेख आईवडिलांसाठी आहे, तसाच गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांसाठी आणि फिजिओथेरपिस्टसाठीही. दुखरा गुडघा सगळ्यात आधी यांच्याकडेच येतो. हाडाच्या गाठी एकूण दुर्मीळच. गुडघा दुखणाऱ्या शेकडो मुलांत एखाद्यालाच गाठ निघते. पण तो एक ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. तीन प्रश्न आणि एक साधा एक्स-रे यांवर बरंच काम भागतं.

गाठ गुडघ्यापाशीच का येते

आपण उंच होतो ते मुख्यतः गुडघ्याच्या आजूबाजूला. लांब हाडाच्या दोन्ही टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते आणि तिथे नवं हाड तयार होतं. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ त्याच्या खालच्या, म्हणजे गुडघ्याकडच्या पट्टीतून होते. नडगीच्या हाडाचीही निम्म्याहून जास्त वाढ वरच्या पट्टीतून होते. मिसरूड फुटायच्या वयात मुलगा वर्षभरात विजारीच्या दोन मापांनी वाढतो, तेव्हा या पट्ट्यांच्या शेजारी पेशींचं विभाजन जोरात चाललेलं असतं. जिथे विभाजन जास्त, तिथे चूक होण्याची संधीही जास्त. म्हणून ऑस्टिओसारकोमाच्या निम्म्याहून अधिक गाठी गुडघ्याच्या वर-खाली सापडतात: आधी मांडीच्या हाडाचं खालचं टोक, त्यानंतर नडगीचं वरचं टोक. मुलींची वाढ लवकर सुरू होते, तर त्यांच्यात हा आजारही थोड्या लहान वयात दिसतो. एकूण रुग्णांत मुलगे काहीसे जास्त.

पहिला प्रश्न: वय किती?

हाडाच्या गाठींत वयाइतका मोठा पुरावा क्वचितच दुसरा असतो. एक्स-रे हातात घेण्याआधी मी जन्मतारीख बघतो.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा पाय दुखत असेल तर हाडात जन्मलेला कॅन्सर तसा विरळा. त्या वयात आधी हाडातला जंतुसंसर्ग आणि रक्ताचा कॅन्सर आठवायचा. मूल फिकट दिसतंय, रात्री ताप येतोय, पाय टेकायला नको म्हणतंय, तर त्याच दिवशी रक्ताची पूर्ण तपासणी.

दहा ते वीस हे ऑस्टिओसारकोमाचं वय. पाच ते पंचवीसच्या दरम्यान युईंग सारकोमा हा हाडाचा दुसरा कॅन्सरही येतो, तो हाडाच्या मधल्या दांड्यात जास्त रमतो. त्याची खोड अशी की तो संसर्गाचं सोंग घेतो. ताप येतो, जागा गरम आणि लाल होते, रक्तातला ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, वाढतो, आणि अँटिबायोटिकवर आठवडे निघून जातात. पू म्हणून चीर दिली आणि पुवासारखंच काहीतरी आलं, तरी ते पॅथॉलॉजीला पाठवा. गाठीचा सडका भाग हुबेहूब पुवासारखा दिसतो.

याच वयात साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठीही भरपूर. ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही त्यातली सगळ्यात नेहमीची. हाडावर कूर्चेची टोपी घातलेला उंचवटा, बहुधा सांध्यापासून दूर तोंड करून वाढणारा. तो हाताला कडक लागतो, फारसा दुखत नाही, आणि मुलाची उंची थांबली की त्याची वाढही थांबते. मोठेपणी तो पुन्हा वाढायला किंवा दुखायला लागला तर मात्र तपासायलाच हवा. घरात बापाला, आत्याला, मुलाला असे उंचवटे अंगभर असतील तर तो आनुवंशिक प्रकार असतो, आणि त्यात कॅन्सर होण्याचा धोका एकट्या गाठीपेक्षा जास्त. कडेला पांढरी स्पष्ट किनार असलेला एक छोटा डाग, नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा, अनेक मुलांच्या एक्स-रेत सहज सापडतो. तो आपोआप भरून येतो. त्याला सुई लावू नये की चीर देऊ नये. आईवडिलांना हे नीट समजावून सांगणं हाच त्याचा उपचार.

वीस ते चाळीस हे जायंट सेल ट्यूमरचं वय, डॉक्टरांच्या तोंडी जीसीटी. ही मोठाल्या पेशींची, बहुधा कॅन्सर नसलेली गाठ. वाढीची पट्टी बंद झाल्यावर तो येतो, बायकांत किंचित जास्त, आणि जवळपास निम्म्या वेळा गुडघ्याजवळच. पाश्चात्त्य देशांपेक्षा भारत आणि चीनमध्ये हाडांच्या गाठींत त्याचा वाटा मोठा आहे, त्यामुळे आपल्याकडच्या अस्थिरोगतज्ज्ञाला तो माहीत असतोच. त्याच्याबद्दल एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्या की हाडात तपकिरी रंगाच्या गाठी होतात, आणि एक्स-रेतच काय, सूक्ष्मदर्शकाखालीही त्या जीसीटीसारख्या दिसतात. अशा रुग्णाचा गुडघा खरवडायची गरज नसते. मानेतल्या ग्रंथीवर उपचार केला की हाड भरून येतं. म्हणून जीसीटीचा संशय आला की रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन आधी बघायचं. शस्त्रक्रियेच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. एकाहून जास्त हाडांत पोकळ्या दिसल्या, किंवा मुतखड्यांचा त्रास असला, तर ही तपासणी टाळणं म्हणजे चूकच.

चाळिशीनंतर विचारांचा क्रम उलटतो. हाडात खड्डा दिसला की आधी दुसरीकडून आलेला कॅन्सर आणि मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर, मग कूर्चेचा कॅन्सर कॉन्ड्रोसारकोमा. गुडघ्याच्या खाली पसरून आलेला कॅन्सर कमी दिसतो. तिथे तो सापडलाच तर फुप्फुस आणि मूत्रपिंड तपासून बघावं. आणि पन्नाशीच्या माणसाचा गुडघा झिजेनेच दुखतो असं ठरवून वर्षभर गोळ्या देण्याआधी एक एक्स-रे त्याचाही काढा.

दुसरा प्रश्न: नेमकं कुठे?

मुलाला सांगा, “एका बोटाने दाखव.” सांध्याच्या फटीवर बोट गेलं तर कूर्चा किंवा लिगामेंट. वाटीच्या खाली, नडगीच्या पुढच्या टेंगळावर गेलं आणि मुलगा धावणारा-उड्या मारणारा असेल तर बहुतेक ऑसगुड-श्लॅटर, जो वाढीच्या वयातला ताण आहे, गाठ नव्हे. पण सांध्याच्या चार बोटं वर किंवा तीन बोटं खाली, हाडावरच बोट गेलं, तर सावध व्हा. ऑस्टिओसारकोमाची जागा तीच.

हाडाच्या अगदी टोकाशी, सांध्याच्या कूर्चेला टेकलेली गाठ दोघांची असते: वाढत्या मुलांत कॉन्ड्रोब्लास्टोमा ही कूर्चेच्या पेशींची साधी गाठ, मोठ्यांत जीसीटी. या दोन्हींत सांध्यात पाणी होतं, गुडघा पूर्ण वाकत नाही, आणि रुग्णाला मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, फाटल्याचं सांगितलं जातं.

गुडघ्याच्या मागची गाठ मी वेगळी ठेवतो. वीस ते चाळीस वयाची बाई सांगते, “दुखत नाही, पण खाली बसताना काहीतरी अडकतं.” मांडीच्या हाडाच्या मागच्या पृष्ठभागावर हळूहळू वाढणारा पॅरोस्टिअल ऑस्टिओसारकोमा असा येतो. तो मंद असतो आणि वेळेत पूर्ण काढला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेवरच भागतं. त्याला बेकर सिस्ट (गुडघ्यामागची पाण्याची गाठ) किंवा ऑस्टिओकॉन्ड्रोमा समजून अर्धवट काढलं, की तीच सोपी गाठ अवघड होऊन बसते.

एक आडवाट इथेच सांगतो. लहान मुलाच्या खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला आणि मूल लंगडतंच आहे, तर खुबा हलवून बघा आणि त्याचाही एक्स-रे काढा.

तिसरा प्रश्न: कधी दुखतं?

वाढीच्या वयातली पायदुखी आपल्या सगळ्यांच्या घरात झालेली असते. ती दोन्ही पायांत असते, संध्याकाळी किंवा रात्री येते, चेपून दिलं की थांबते, आणि सकाळी मूल अंगणात पळत असतं. गाठीचं दुखणं एकाच पायात, एकाच जागी. सुरुवातीला खेळल्यावर येतं आणि विश्रांतीने जातं, म्हणूनच ते लचकेसारखं वाटतं. मग ते बसल्या जागी होऊ लागतं, मग झोपेतून उठवतं. दिवसागणिक वाढत जाणं हा त्याचा स्वभाव. रात्री दुखतं पण ॲस्पिरिनसारख्या गोळीने तासाभरात पूर्ण थांबतं, असं कुणी सांगितलं तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही छोटी, साधी गाठ आठवा. तीही शोधायची असते, पण ती जिवावरची नाही.

कित्येक घरांत “पोरगं तर चांगलं जेवतंय, वजन घटलं नाही, ताप नाही, मग कॅन्सर कसा?” असं विचारतात. ऑस्टिओसारकोमाचं मूल निदानाच्या दिवशी बहुधा धडधाकट दिसतं. रक्ताचे रिपोर्टही पुष्कळदा नॉर्मल येतात. काहींत अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच हे रक्तातले घटक वाढलेले असतात, पण वाढत्या मुलात अल्कलाइन फॉस्फटेज तसंही जास्तच असतं. रक्त नॉर्मल म्हणून गाठ नाही, असा निष्कर्ष काढू नये.

घरी करता येण्यासारखी एक गोष्ट: शिंप्याची टेप घ्या. मूल पाय सरळ करून झोपलेलं असताना वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजा, मग वाटीच्या लगेच वरचा. दुखऱ्या पायाची वरची मांडी बारीक आणि गुडघ्याजवळचा घेर जास्त, अशी जोडी दिसली तर दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका. मग दोन्ही टाचा ढुंगणाकडे न्यायला सांगा. एक टाच कमी जात असेल तर तेही लिहून ठेवा.

एक्स-रे कधी आणि कसा

माझा नियम साधा आहे. वाढत्या वयातलं एका बाजूचं, एकाच जागचं दुखणं तीन आठवड्यांत थांबलं नाही, तर एक्स-रे. रात्री उठवणारं दुखणं, हाताला लागणारी कडक सूज किंवा लंगडणं असेल तर पहिल्या दिवशीच. किरणांची भीती बाळगू नका. गुडघ्याच्या दोन एक्स-रेंमधला किरणांचा डोस अगदी नगण्य असतो.

समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे हवेतच, आणि गुडघ्याच्या वर-खाली हाडाचा मोठा भाग त्यात यायला हवा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा पहिला एक्स-रे दुसरीकडे सांध्यापुरता काढलेला होता. गाठ फिल्मच्या वरच्या कडेला जेमतेम कापली गेली होती आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता. तिला पुन्हा एक्स-रे निघायला सात आठवडे लागले. म्हणून फॉर्मवर ‘गुडघा’ एवढंच लिहू नका, ‘मांडीचा खालचा अर्धा भाग घ्या’ असं लिहा. आणि हेही ध्यानात असू द्या, की हाडातली बरीच खनिजं गेल्याशिवाय एक्स-रेत काही उमटत नाही. एक्स-रे चांगला आला पण दुखणं वाढतच आहे, तर चार आठवड्यांनी पुन्हा काढा किंवा एमआरआय करा.

फिल्म बघताना मी गाठीच्या आतल्या भागापेक्षा तिची कड आधी बघतो. पेन्सिलीने आखल्यासारखी पांढरी, रेखीव कड असेल तर गाठ सावकाश वाढते आहे आणि हाडाला कुंपण घालायला वेळ मिळाला आहे. कड पुसट असेल, हाड कुठे संपतं आणि गाठ कुठे सुरू होते हे कळत नसेल, तर ती वेगात वाढते आहे. हाडावरचं आवरण उचललं जाऊन कोपऱ्यात त्रिकोण तयार झाला असेल, हाडाबाहेर सूर्यकिरणांसारख्या रेघा किंवा ढगासारखा पांढरेपणा दिसत असेल, तर ऑस्टिओसारकोमा समजून पुढे चला. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर युईंगमध्ये दिसतात, पण जुन्या संसर्गातही दिसतात. जीसीटी हाडाच्या टोकाशी, एका बाजूला सरकलेली काळी पोकळी म्हणून दिसतो, कडेला पांढरी रेघ बहुधा नसते.

संशय आल्यानंतर काय करू नये

हा भाग मी घाईने उरकणार नाही, कारण इथे झालेली चूक दुरुस्त करताना पाय जातो.

मालिश, ओढणं, शेकणं आणि लेप त्याच दिवशी थांबवा. तैवानमध्ये ऑस्टिओसारकोमाच्या रुग्णांच्या अभ्यासात निदानाआधी अशी ओढाताण झालेल्यांचा निकाल जास्त वाईट दिसला होता. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन नको. एक्स-रेशिवाय सांध्यात दुर्बीण घालून बघणं नको. दुर्बीण गाठीतून गेली तर सांधाच दूषित होतो.

गाठीमुळे हाड मोडून आलेला रुग्ण सगळ्यात अवघड. पायरीवरून उतरताना, किरकोळ धक्क्याने मांडीचं हाड मोडलं, तर त्याचा एक्स-रे दोनदा बघा. मोडलेल्या जागी आधीच गाठ असेल आणि नेहमीसारखा रॉड घातला, तर गाठीच्या पेशी हाडाच्या वरच्या टोकापर्यंत पसरतात. अशा पायाला प्लास्टरचा स्लॅब किंवा ट्रॅक्शन (वजनाचा ताण) लावा आणि तसाच पुढे पाठवा. हाड जुळायची घाई नसते.

आणि शेवटचं: “जरा उघडून बघतो, साधी वाटली तर खरवडून टाकतो” हे नको.

एमआरआय आधी, सुई नंतर

हा क्रम चुकू नये. सुईनंतर रक्तस्राव होतो आणि एमआरआयत गाठीची खरी सीमा कळत नाही. एमआरआय पूर्ण हाडाचा करायचा, मांडीचा असेल तर खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, कारण त्याच हाडात थोडं अंतर सोडून दुसरी छोटी गाठ असू शकते. छातीचा सीटी स्कॅनही हवा. ऑस्टिओसारकोमाच्या सुमारे पाचातल्या एका रुग्णात निदानाच्या वेळीच फुप्फुसात डाग दिसतात. सोबत बोन स्कॅन किंवा पेट-सीटी.

मग बायॉप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं. दिसायला हे छोटं काम आहे, पण पाय वाचणार की नाही हे कितीतरी वेळा त्यावरच ठरतं. सुई ज्या वाटेने जाते तिथे गाठीच्या पेशी सांडतात, म्हणून अंतिम शस्त्रक्रियेत ती वाट कातडीसकट काढून टाकावी लागते. वाट भलतीकडून गेली, आडवी चीर दिली, सांध्यातून किंवा मोठ्या रक्तवाहिनीजवळून सुई नेली, तर काढायचा भाग इतका वाढतो की पाय ठेवणंच शक्य राहत नाही. अमेरिकेतले हाडांच्या गाठींचे सर्जन हेन्री मॅन्किन यांनी १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये अनेक केंद्रांतली माहिती गोळा करून दाखवलं, की चुकीच्या बायॉप्सीमुळे उपचार बदलावे लागतात, काहींचे पाय विनाकारण कापावे लागतात, आणि गाठींचं विशेष केंद्र नसलेल्या रुग्णालयांत हे कितीतरी जास्त वेळा घडतं. चौदा वर्षांत परिस्थिती फारशी सुधारली नव्हती, हे त्यातलं मला टोचणारं वाक्य.

म्हणून पहिली सुई त्याच सर्जनच्या हातून किंवा त्याच्या सांगण्यावरून जायला हवी, जो शेवटची शस्त्रक्रिया करणार आहे. रुग्णाला पुढे पाठवायचंच असेल तर बायॉप्सी न करता पाठवा. चिठ्ठीत ‘बायॉप्सी केलेली नाही, मुद्दाम ठेवली आहे’ असं लिहिलं तर समोरचा डॉक्टर तुमचे आभारच मानेल. आता बहुतेकदा जाड सुईनेच काम होतं, एक्स-रे किंवा सीटीखाली, टाका एखादाच. निघालेला तुकडा संसर्गाच्या तपासणीलाही पाठवायचा. आपल्याकडे टीबी इतका आहे की गाठ समजलेला टीबी आणि टीबी समजलेली गाठ, दोन्ही प्रकार घडतात.

पॅथॉलॉजिस्टला तुकड्यासोबत एक्स-रे द्या. हाडाच्या गाठीत एक्स-रेशिवाय दिलेला रिपोर्ट अर्धाच असतो. आतून रक्ताने भरलेला टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसारकोमा साध्या रक्तगाठीसारखा दिसतो, तिथे अनुभवी डोळेच कामाला येतात. दुसऱ्या केंद्रात स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक पुन्हा तपासून घेण्यात कुणाचा अपमान होत नाही.

निदान झाल्यावर

घरात पहिला प्रश्न येतो, “पाय कापणार का?” आता बहुतेक रुग्णांचा पाय वाचवता येतो. ऑस्टिओसारकोमात आधी केमो, साधारण दोन-तीन महिने, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. एकूण सहा ते नऊ महिन्यांचा हा रस्ता आहे. १९७०च्या दशकाआधी फक्त पाय कापत, तरी पाचातले चार दगावत, कारण डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी आधीच फुप्फुसात गेलेल्या असत. टेरी फॉक्सला डॉक्टरांनी जगण्याची शक्यता ५० टक्के सांगितली, आणि दोनच वर्षांपूर्वी हा आकडा १५ होता हेही सांगितलं. आज गाठ पसरलेली नसेल तर १० पैकी सहा-सात रुग्ण बरे होतात. फुप्फुसात डाग असले तरी प्रयत्न सोडत नाहीत. ते शस्त्रक्रियेने काढता येतात.

केमो सुरू होण्याआधी हृदयाची टूडी इको, ऐकण्याची तपासणी आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते, कारण या औषधांचा या तिन्हींवर परिणाम होतो. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दलही त्याच वेळी विचारा. संकोचाने हा विषय राहून जातो आणि पंधरा वर्षांनी त्याची किंमत कळते.

गाठ काढल्यावर तिथे धातूचा मोठा सांधा बसवतात. टाटा मेमोरियलच्या सहभागातून असे सांधे कमी किमतीत भारतातच तयार झाले, त्यामुळे कित्येक घरांना ते परवडू लागले. कधी काढलेलं हाड किरणांनी निर्जंतुक करून तेच परत बसवतात. लहान मुलासाठी रोटेशनप्लास्टी नावाचा पर्याय आहे. मधला भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून जोडतात आणि घोटा गुडघ्याचं काम करतो. दिसायला ते वेगळं दिसतं आणि आया पहिल्यांदा फोटो बघून रडतात. पण ते मूल पुढे धावतं, सायकल चालवतं, आणि त्याला दर काही वर्षांनी सांधा बदलावा लागत नाही. नाही म्हणण्याआधी अशा मुलाला चालताना प्रत्यक्ष बघा.

काहींचा पाय कापावाच लागतो. तो शब्द ऐकून उपचार सोडून जाणारी घरं असतात. दोन महिन्यांनी ती परत येतात तेव्हा गाठ दुप्पट झालेली असते. सर्जनला सरळ विचारा: पाय ठेवला तर गाठ पूर्ण निघेल का? उत्तर नाही असेल तर ते ऐकून घ्या.

जीसीटीत बहुधा केमो लागत नाही. हाडाला खिडकीसारखं भोक पाडून गाठ खरवडतात, आतली भिंत बर्रने, म्हणजे फिरत्या बारीक यंत्राने, घासतात आणि पोकळीत बोन सिमेंट भरतात. सांधा वाचतो. पण ती त्याच जागी परत येऊ शकते, बहुधा पहिल्या दोन वर्षांत, आणि क्वचित फुप्फुसातही दिसते.

कुठे जायचं, काय न्यायचं

परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि हाडांच्या गाठींचा अनुभव तिथे मोठा आहे. पण प्रत्येकाने परळ गाठलंच पाहिजे असं नाही. विचारायचं एवढंच: इथे हाडांच्या गाठींची शस्त्रक्रिया नेहमी होते का, आणि केमो, पॅथॉलॉजी, सर्जन एकत्र बसून ठरवतात का? मूळ एक्स-रे, सीडी, ब्लॉक, रेशनकार्ड, आधार हे सगळं एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी घरातल्या एकाच माणसाकडे असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रुग्णालय योजनेत आहे का हे भरतीआधी विचारा. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, तर मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातच भरून मागा.

नंतरची वर्षं

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी छातीचा आणि पायाचा एक्स-रे, पाच वर्षं होईपर्यंत साधारण सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. धातूचा सांधा असेल तर मांडी घालून किंवा उकिडवं बसणं बंद. घरात कमोड आणि खुर्ची ही शस्त्रक्रियेआधीच करून ठेवायची तयारी. त्या पायाला कुठेही जखम झाली, ताप आला किंवा जागा लाल झाली, तर घरी अँटिबायोटिक सुरू न करता सर्जनला फोन करायचा. आत धातू असलेल्या पायातला संसर्ग लवकर हाती लागला तर धुऊन काढून सांधा वाचू शकतो, उशीर झाला तर तो काढावा लागतो. वाढत्या मुलाच्या दोन पायांच्या लांबीतला फरक दर भेटीत मोजून घ्या. बुटाचा तळ कधी उंचवायचा आणि सांधा कधी लांबवायचा, हे त्या आकड्यांवरून ठरतं.